निरंक

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब (प्राथमिक)
आणि रोज दुपारी दोनच्या आत माहिती मागवणारे सर्व संबंधित

विषय : ऑनलाइन अध्यापनाच्या रकान्यात 'निरंक' (म्हणजे काहीच नाही) लिहिल्याबद्दल खुलासा
संदर्भ : मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस

साहेब,

आपल्या नोटिशीचा खुलासा मी मुदतीत दिला आहे. २४ तास दिले होते, तेविसाव्या तासाला पंचायत समितीच्या टपालात कागद ठेवून पोच घेतली. दीड पान आहे. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की' अशी सुरुवात केली. अशी सुरुवात केल्यावर पुढे माणसाला फारसं काही सांगता येत नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत आपल्यालाही कळलं असेल. जे त्यात मावलं नाही ते इथे लिहिते.

उघड्यावर का, असं आपण विचाराल. नोटिशीत जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम १९६७ चा उल्लेख आहे, ते नियम मीही वाचलेत. शासनाच्या धोरणावर मला टीका करायची नाही. माझ्या शाळेत काय झालं तेवढंच सांगायचं आहे. तेही गप्प बसून गिळलं असतं. पण नोटीस आल्याचं तालुक्यात कळलं, तेव्हापासून रोज रात्री दहानंतर मला फोन येतात. सगळे शिक्षक, आणि सगळ्यांचं बोलणं एकच. "ताई, बरं केलंस लिहिलंस. आमचंही तसंच आहे. पण आमचं नाव कुठं घेऊ नकोस." हीच मंडळी दुपारी दोनला ग्रुपवर 'ऑनलाइन शिकणारी मुलं १००%' टाकून खाली अंगठा चिकटवतात.

मी त्यांना नावं ठेवत नाही. एप्रिलचे पहिले नऊ दिवस मीही '८०%' लिहीत होते. ऐंशी कुठून आणले? दिसायला बरे दिसत होते. शंभर लिहायची लाज वाटली, पन्नास लिहिले तर केंद्रप्रमुखांचा फोन येणार. पटावर ३१ मुलं आहेत, म्हणजे त्या नऊ दिवसांत मी २५ मुलांच्या हातात कागदावर एकेक स्मार्टफोन दिला. हा माझा गुन्हा आहे आणि नोटीस त्याबद्दल आली असती तर मी मान खाली घालून सही केली असती. नोटीस आली ती खरं लिहिल्यावर.

मी १९ वर्षं जिल्हा परिषदेत आहे. शाळा बालाघाटाच्या डोंगरातल्या वस्तीवरची. पहिली ते चौथी, दुशिक्षकी. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि कोयते सातारा-सांगली-कोल्हापूरकडे निघतात. (आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता.) काही मुलं आजी-आजोबांजवळ, हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर राहतात, काही आईबापाबरोबर फडात जातात. शाळा सुटल्यावर मी कथा लिहिते. मासिकांनी, दिवाळी अंकांनी काही छापल्याही आहेत. हे बढाईसाठी सांगत नाही, पुढे त्याचं काम आहे.

यंदा १० मार्चला धुळवडीची सुट्टी आली, म्हणून सावित्रीबाईंचा स्मृतिदिन आम्ही ११ तारखेला केला. मुलांना १८९७ चा पुण्याचा प्लेग सांगितला. त्यांच्या दत्तक मुलाचा, डॉ. यशवंतरावांचा हडपसरच्या बाजूचा दवाखाना, रोग्यांना तिथे पोचवणाऱ्या सावित्रीबाई, आणि त्याच प्लेगने १० मार्चला त्यांचं जाणं. तिसरीतल्या एकाने विचारलं, "म्हंजी कोरोनावानी का, बाई?" पुण्यात नऊ तारखेला सापडलेल्या पहिल्या रुग्णांची बातमी त्याने टीव्हीवर पाहिली होती. मी म्हणाले, नाही रे, ते फार जुनं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच दिवशी या साथीला महामारी म्हटलं, ते मला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं. १३ तारखेला राज्यात साथरोग कायदा लागू झाला, तोही १८९७ चाच, त्याच प्लेगच्या वेळचा. पोराला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते दुरुस्त करायला शाळा उरली नाही, शहरातल्या शाळांपाठोपाठ त्या आठवड्याभरात आमचीही बंद झाली.

२५ मार्चला पाडवा. गाठी कुठे मिळाल्या नाहीत म्हणून सासूबाईंनी गुढीला गुळाचा खडा बांधला, तो दुपारपर्यंत वितळून साडीवर ओघळला. खरं सांगते साहेब, लॉकडाऊन लागल्यावर पहिल्यांदा मला थोडं बरंच वाटलं. एक लांब कथा दोन वर्षं अर्धवट पडली आहे. फेसबुकावर लेखक मंडळी आपापल्या कपाटांसमोर बसून काय वाचतोय, काय लिहितोय ते सांगत होती. मीही टेबल पुसून घेतलं. चौथ्या दिवशी आदेश आला. तपासणी नाका, तीन पाळ्या : सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा.

नाक्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी नोंदवते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढ्या कामांना आम्हाला जुंपू देतं. आपत्ती आहे, मी गेले. मार्चचा पगार दोन टप्प्यांत झाला, आम्हा गट-क वाल्यांना आधी ७५ टक्के, त्याबद्दलही तक्रार नाही.

तक्रार आहे ती साधी आहे. चार बांबूंचा मांडव, एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा एक जार. सोबत एक पोलीस, एक होमगार्ड, कधी ग्रामसेवक. दर गाडीजवळ जायचं, नाव-गाव विचारायचं, रजिस्टर भरायचं. सॅनिटायझरची शंभर मिलिची एक बाटली, तीन पाळ्यांत मिळून. मास्क आपापला, माझा सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचा. आणि बाईमाणसाने जायचं कुठे? पहिले काही दिवस मी रस्त्यापलीकडच्या वस्तीवर एका घरी जात होते. मग तिथल्या बाईने अवघडून सांगितलं, "बाई, राग मानू नका. तुम्ही दिसाला शंभर माणसं बघता अन् आमच्यात लहान लेकरू हाय." तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तेव्हापासून रात्रपाळी असली की मी दुपारी चारनंतर पाणी पीत नाही. ४२ अंशांच्या उन्हाळ्यात. घरी आल्यावर मागच्या अंगणात आंघोळ आणि पडवीत झोप, कारण सासूबाईंना दमा आहे.

गेल्या आठवड्यातल्या वेबिनारमध्ये आपण म्हणालात की तुम्ही सगळ्या सावित्रीबाईंच्या लेकी आहात. मी तो नाक्यावर, एका कानात वायर घालून ऐकला. पन्नास मिनिटांत सावित्रीबाई तीनदा आल्या. सॅनिटायझर एकदाही आलं नाही. २६ मार्चला आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचा विमा जाहीर झाला, त्यात आशाताई आहेत, फार चांगलं झालं. नाक्यावरची शिक्षिका कशात बसते, हे मी दोनदा लेखी विचारलं आहे. उत्तर : 'वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवले आहे.'

आता मुख्य गोष्ट.

नाक्यावर असतानाच माहिती मागवणारे मेसेज सुरू झाले. 'अति तात्काळ', 'आजच', 'दुपारी २ पर्यंत'. रोज अभ्यासाच्या लिंका यायच्या, त्या पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या आणि तक्ता भरायचा. तक्त्यात चार रकाने : पट, ऑनलाइन शिक्षण घेणारे विद्यार्थी, टक्केवारी, अभिप्राय. फोन नसलेल्या मुलासाठी रकाना नाही. लिंका वाईट होत्या असं मी म्हणत नाही, माझी स्वतःची मुलगी तालुक्याला नववीत आहे आणि तिला त्यांचा उपयोग झाला असता. झाला नाही, कारण घरातला एकुलता बरा फोन माझ्याबरोबर नाक्यावर, आपल्याला माहिती पाठवत असायचा.

नऊ दिवस ऐंशी टक्के लिहिल्यावर दहाव्या दिवशी, सकाळची पाळी करून मी वस्तीवर गेले आणि दारोदार मोजलं. ३१ मुलं, २२ घरं. बटणांचे फोन बहुतेक घरांत. स्मार्टफोन सहा. त्यांतले चार बापाबरोबर कारखान्यावर. उरले दोन. एकाचा मालक तो कुणाला हात लावू देत नाही, दुसऱ्याची काच अशी फुटलेली की बोट कापतं. रेंज येते ती मरीआईच्या देवळामागच्या खडकावर. पूर्वी पटकी (कॉलरा) आली की लोक तिच्या पायाशी जायचे, आता रिचार्ज संपला का बघायला जातात. त्या दिवशी मी तक्त्यात लिहिलं, निरंक.

आपल्या कचेरीत हा शब्द रोज शेकड्याने येतो, कुणाचं लक्षही जात नाही. न्यायप्रविष्ट प्रकरणे, निरंक. रिक्त पदे, निरंक. इथेच तो का टोचला, हे मला अजून कळलेलं नाही.

एप्रिलच्या मध्यानंतर ऊसतोड मजुरांना गावी यायची परवानगी मिळाली. एका रात्री दीडच्या सुमाराला नाक्यावर तीन ट्रक येऊन थांबले. पत्रे, पाट्या, गोधड्या, दोन शेळ्या, खुराड्यात कोंबड्या आणि सगळ्यावर उसाच्या वाढ्याचा तो हिरवा, आंबूस वास. कारखान्याची यादी आणि तपासणीचा कागद बघून एकेक कुटुंब उतरवून रजिस्टरात घ्यायचं होतं. एक बाई नावं सांगत होती, मी बॅटरीच्या उजेडात लिहीत होते. टेबलाच्या कडेला एक पोरगी हनुवटी टेकून माझं लिहिणं वाचत होती. मधेच म्हणाली, "वस्तीची वेलांटी दुसरी असती."

मी खाली पाहिलं. घाईत मी पहिली काढली होती. वर पाहिलं तर माझ्याच शाळेतली चौथीची पोरगी, दिवाळीनंतर पाहिलीच नव्हती, केस उन्हाने तांबूस झालेले. माझं तोंड नाकापर्यंत बांधलेलं, डोक्यावर स्कार्फ. "म्या अक्षरावरनंच वळखलं, बाई," ती म्हणाली. मी वेलांटी दुरुस्त केली आणि बाजूला बारीक सही केली, कारण रजिस्टरात खाडाखोड केली तर सही लागते. पहाटे सगळ्यांना १४ दिवसांच्या विलगीकरणासाठी नेलं. कुठे? माझ्या शाळेत.

हे मुद्दाम सांगते, कारण शाळा बंद असल्याचं आपण सगळे धरून चालतो. माझी शाळा त्या १४ दिवसांत जेवढी भरली तेवढी १९ वर्षांत कधी भरली नव्हती. दोन खोल्या आणि व्हरांडा मिळून ४२ माणसं. त्यात माझ्या पटावरची सात मुलं. आशाताईंना आणि ग्रामसेवकांना विचारून, पाळी संपली की मी लिंबाच्या झाडाखाली उभी राहायचे, खिडकीपासून सहा फुटांवर. मुलं आत गजांजवळ. फळा त्यांच्या बाजूला, खडू त्यांच्याकडे. मी बाहेरून सांगायची, आत एकजण लिहायचा. नाक्यावरून किती ट्रक, किती मोटारसायकली गेल्या त्याच्या बेरजा घातल्या. ट्रकमधून येताना काय काय दिसलं ते सात वाक्यांत लिहायला सांगितलं. एकाने सातही वाक्यं शेळीवर लिहिली, ती वाटेत व्याली होती. चौथीतली पोरगी कुणी न सांगता रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, वार आणि खाली लिहायची : पट ३१, हजर ७.

तेच मी आपल्याला कळवलं. ऑनलाइन शिक्षण घेणारे विद्यार्थी : निरंक. अभिप्राय : विलगीकरणातील ७ मुलांना खिडकीबाहेरून गणित व मराठी शिकवले; उर्वरित २४ पैकी ९ मुलांच्या वह्या घरी जाऊन तपासल्या.

यावर नोटीस आली. निरंक माहिती सादर करून तालुक्याची सरासरी कमी केली, हा पहिला ठपका. अभिप्रायाच्या रकान्यात 'अप्रस्तुत मजकूर' लिहिला, हा दुसरा. साहेब, माझ्या कितीतरी कथा साभार परत आल्या आहेत. एकाही संपादकाने त्यांना अप्रस्तुत मजकूर म्हटलं नाही.

कथा म्हणजे नसलेलं असल्यासारखं लिहिणं, ते मला थोडंफार येतं. पण ते मी घरी, माझ्या वहीत करते आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं. आपल्या तक्त्यात लिहिलेला ऐंशीचा आकडा तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, तिथून वर. वर कुणीतरी तो खरा धरून जूनचा विचार करत असेल. मुलं ऑनलाइन शिकतच आहेत, मग पुस्तकं पोचायची घाई काय, घरोघर जाणाऱ्या शिक्षकाला पास कशाला? असं एकेक ठरत जाईल आणि त्या खोट्याची फेड फुटक्या काचेच्या फोनवाली पोरं करतील.

रजिस्टर काय दाखवतं आणि काय नाही, हे मी नाक्यावर रोज बघते. रात्री पलीकडच्या ओढ्यातून कधीकधी विडीचे ठिपके सरकताना दिसतात. डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं नाका चुकवून चालत असतात. होमगार्ड म्हणतो, तिकडं बघू नका बाई. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, जालन्याहून पायी निघालेले. त्या दिवसाचं माझं रजिस्टर मी नंतर उघडून पाहिलं. पायी प्रवासी : निरंक. तो निरंक मात्र कुणाला टोचला नाही.

माझ्या मागण्या लिहिते. भीक नाही आणि धमकीही नाही.

माझ्यावरची नोटीस मागे घ्यावी. ते जमणार नसेल तर कारवाईचा निर्णय लेखी द्यावा, पण 'अप्रस्तुत मजकूर' हे दोन शब्द काढावेत. ज्या मुलांबद्दल ते लिहिलं आहे ती आपल्याच जिल्ह्याच्या पटावर आहेत.

तक्त्यात दोन रकाने वाढवावेत : 'स्मार्टफोन नसलेली मुले' आणि 'प्रत्यक्ष भेटून शिकवलेली मुले'. निरंक लिहिणाऱ्या शिक्षकावर कारवाई होणार नाही, असं एका ओळीचं परिपत्रक काढावं. तेवढं निघालं तर रात्री दहानंतर मला फोन करणारे सगळे दुसऱ्याच दिवशी दुपारी दोनला खरं लिहितील.

शाळा १५ जूनला उघडो किंवा न उघडो, छापील पुस्तकं त्याआधी वस्तीवर पोचावीत. पीडीएफ नको. वाहन नसेल तर आम्ही डोक्यावर नेऊ. शाळेतला उरलेला तांदूळ आणि डाळ आम्ही मुलांच्या घरी वाटली, ती केव्हाच संपली. रोजचे शंभर ग्रॅम तांदूळ पोराला सुट्टीतही लागतात, तेव्हा त्याचीही सोय व्हावी.

नाक्यावर बाई नेमायची असेल तर शौचालय हवं, फिरतं असलं तरी चालेल. रात्रपाळीला एकटी बाई नको. गरोदर, दमा-शुगरवाल्या आणि तान्हं मूल असलेल्या शिक्षिकांना वगळावं. आमच्या केंद्रातली एक सात महिन्यांची गरोदर असताना ड्यूटी करत होती. आम्ही विम्यात आहोत की नाही, हे हो किंवा नाही असं एका शब्दात लेखी कळवावं.

विलगीकरणानंतर शाळेची फवारणी आणि सफाई कुणी करायची ते ठरवावं. ग्रामपंचायत शाळेकडे बोट दाखवते, शाळेचा सादिल खर्च (किरकोळ खर्चाचे पैसे) दोन वर्षं आलेला नाही. सध्या तिथे पुण्या-मुंबईहून आलेली दुसरी खेप आहे, चार मुलं आमची.

आजची माहिती दुपारी दोनच्या आधीच पाठवली आहे. ऑनलाइन निरंक, खिडकीतून चार. पुन्हा अप्रस्तुत वाटल्यास कळवावं. आज माझी दहा ते सहा आहे. आता चार वाजून गेले, म्हणजे पाणी बंद.

आपली विश्वासू,
एक सहशिक्षिका
(नाव, शाळा व केंद्र टपालातल्या खुलाशावर आहे)
१६ मे २०२०

सोबत : १) नोटिशीची प्रत २) फळ्याचा फोटो, पट ३१, हजर ७